अनुभव धागा: कंपनीने गाडी परत बोलावली, तुम्हाला कोणी कळवलं का?

(धागा रत्नागिरीहून)

१ एप्रिल २०१४ या दिवशी जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे बसल्या. पदावर येऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. आपल्या गेलेल्या मुलामुलींचे फोटो घेऊन आलेली कुटुंबं त्या सुनावणीला हजर होती. शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांच्या इग्निशन स्विचमधला खटका कमजोर होता. किल्लीच्या जुडग्याचं वजन, गुडघ्याचा धक्का, रस्त्यातला एखादा दणका एवढ्यानेही किल्ली मागे फिरायची. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंग आणि ब्रेक जड व्हायचे आणि गाडी आदळली तर एअरबॅग उघडायचीच नाही. कंपनीच्या आत हे दहा वर्षांहून जास्त काळ माहीत होतं. गाड्या परत बोलावल्या २०१४ मध्ये, सगळ्या मिळून सुमारे २६ लाख. सुनावणीच्या वेळी कंपनी १३ मृत्यू मान्य करत होती. पुढे भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

इतका उशीर का झाला, या प्रश्नाला बारा यांच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. चौकशी चालू आहे, कळेल तेव्हा सांगू, असं त्या पुन्हापुन्हा सांगत राहिल्या. समितीतल्या डायना डिगेट यांनी तो स्विच हातात धरून दाखवला आणि दुरुस्तीचा खर्च एका गाडीमागे ५७ सेंट होता, हे कंपनीच्याच कागदावरून वाचलं. त्यावर तिथल्या लोकांमध्ये जो संताप उसळला तो आजही वाचताना अंगावर येतो. मला त्या संतापाचा हेवा वाटतो. त्यांना निदान समोर बसवून विचारता आलं.

आपल्याकडेही गाड्या परत बोलावल्या जातात, त्याला रिकॉल म्हणतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि विषय संपतो. किनाऱ्यावर आपण बहुतेक जण पुण्या-मुंबईत वापरून झालेल्या गाड्या घेतो, सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी, हवा खारी, पाऊस चार महिने. अशा ठिकाणी परत बोलावलेल्या गाडीचं पुढे काय होतं? ज्यांच्या वाट्याला हे आलं असेल त्यांनी सविस्तर लिहा. कंपनीचं नाव घालू नका, म्हणजे चर्चा भांडणात जाणार नाही. परदेशातल्या सुनावण्यांबद्दल काय वाटलं तेही लिहा.


कुडाळ, गॅरेज

ताई, विषय काढलात ते बरं केलंत. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या. आरसी बुकावर नाव बदललेलं असतं, पण कंपनीच्या रेकॉर्डला पहिल्याच मालकाचा फोन नंबर. मेसेज त्यालाच जातो. तो म्हणतो, गाडी विकली, आपला काय संबंध, आणि पुसून टाकतो.

म्हणून मी आता नवीन गाडी आत आली की आधी चासी नंबर लिहून घेतो आणि कंपनीच्या साइटवर टाकून बघतो. पैसे लागत नाहीत, वेळही लागत नाही. अधूनमधून लागतो एखाद्या गाडीला रिकॉल. मालकाला सांगितलं की त्याचा पहिला प्रश्न, "पण गाडी चालतेय ना?" चालतेयच. मेरी बारांच्या कंपनीची गाडीसुद्धा बंद पडेपर्यंत चालतच होती.

दुसरी गोष्ट एअरबॅगच्या दिव्याची. डॅशबोर्डवर तो लाल दिवा कायम पेटलेला असला तर त्याचा अर्थ एअरबॅगची यंत्रणा त्या क्षणी कामाची नाही. जुन्या गाड्या विकणारे काही लोक तो दिवाच काढून ठेवतात. किल्ली फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर तिथे कोणीतरी हात घातलाय. जुनी गाडी घेताना एवढं तरी बघा.


लोटे, ता. खेड

मी रसायन कारखान्यात सुरक्षा विभागात आहे, त्यामुळे टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण मी पहिल्यापासून वाचत आलोय. आपल्या किनाऱ्याला सगळ्यात जवळचं प्रकरण तेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

एअरबॅग फुगवायला एका धातूच्या डबीत गोळ्यांच्या रूपात इंधन भरलेलं असतं. धडक झाली की ते पेटतं, वायू तयार होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. टाकाटाने यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. स्वस्त आणि भरपूर वायू देणारं. पण आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल की या पदार्थाला दोन खोडी आहेत. तो हवेतलं पाणी ओढतो. आणि सुमारे ३२ अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, घनफळही बदलतं. बंद गाडी दुपारी तापते, रात्री निवते. रोज तापणं, रोज निवणं, त्यात दमट हवा. अशी वर्षं गेली की घट्ट गोळीला बारीक भेगा पडतात, ती भुसभुशीत होते. मग ती जळत नाही, एकदम भडकते. डबीला तो दाब सोसत नाही, ती फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या मानेत, चेहऱ्यात घुसतात.

म्हणूनच अमेरिकेत गाड्या बदलण्याचा क्रम ठरवताना फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताची किनारपट्टी, हवाई, पोर्तो रिको हे उष्ण दमट भाग आधी घेतले. मलेशियात या डब्या फुटून माणसं मेली. नकाशा बघा आणि आपला खेड, दापोली, मालवण बघा. भारतात होंडाने २०१५ मध्ये याच कारणाने दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, नंतरच्या वर्षांत आणखी बोलावल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या आतापर्यंत दोनतीन हात फिरून आपल्याकडच्या अंगणात उभ्या असणार. गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी दमट, तितका धोका जास्त. आपल्याकडे दोन्ही एकत्र येतं.

२० नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे टाकाटाचे एक अधिकारी हिरोशी शिमिझु बसले होते. त्याच दिवशी त्याच समितीपुढे हवाई दलातल्या एका तरुणीने साक्ष दिली. फ्लोरिडात तिच्या गाडीला धडक बसली तेव्हा डबीचा तुकडा तिच्या डोळ्याजवळ घुसला होता. तिची गाडी आधीच रिकॉलमध्ये होती. ती सर्व्हिसिंगला नेत होती, तरी तिला कोणी सांगितलं नाही. हे वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने एक वाक्य बोलायचं होतं.

टाकाटाने जानेवारी २०१७ मध्ये गुन्हा कबूल करायचं मान्य केलं, एक अब्ज डॉलर मोजायचं ठरलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कंपनी गेली, डब्या गाड्यांमध्येच राहिल्या.


वेंगुर्ला

माझी गाडी जुनी. पुण्याच्या एका सायबाकडसून घेतलंय. कंपनीचा पत्र त्याका गेला. तो बरो माणूस, तेणा माका फोन केल्यान, "काका, तुमच्या गाडीचं काहीतरी बदलून देतायत, जाऊन या." मी डीलराकडे गेलंय तर थयलो पोरगो म्हणता, ही गाडी तुमच्या नावावर दिसत नाय. आरसी दाखयली, आधार दाखयला. मग म्हणता पार्ट येवक दीड म्हयनो लागतलो. दीड म्हयन्यान परत गेलंय तेव्हा बदलून दिल्यानी, पैसे घेवक नाय. काम चोख झाला, ता खोटा कित्याक बोला?

पण त्या पुण्याच्या सायबान फोन करूक नसतो तर? माका आजून कळाचा नाय.


गुहागर तालुका, टपाल

मी पोस्टात आहे, म्हणून थोडक्यात माझ्या बाजूचं. गाडीच्या कंपन्यांची पत्रं येतात. पाकिटावर बाहेरून काही कळत नाही, जाहिरातीसारखंच दिसतं. घरी म्हातारी माणसं, गाडीवाला मुलगा मुंबईला. पत्र देव्हाऱ्याशेजारी खोचून ठेवतात, गणपतीत तो आला की देतात. कधीकधी पत्ताच जुना असतो आणि पत्र "सोडून गेले" असा शेरा घेऊन परत जातं. अमेरिकेत अशा पाकिटावर मोठ्या अक्षरात सुरक्षेची सूचना छापावी लागते, असं वाचलंय. आपल्याकडे निदान लाल अक्षरात "आपल्या गाडीत दोष आहे" एवढं बाहेर छापलं तरी मी ते हातात देताना वाचून दाखवीन.


लांजा, वडाप चालवतो

इथे बहुतेक लिहिणारे स्वतःच्या घरच्या गाडीबद्दल लिहितायत. माझी गाडी म्हणजे माझं पोट. दहा माणसं बसतात. शाळेची मुलं असतात, बाजाराला जाणाऱ्या बायका असतात. मला मेसेज आला होता, स्टिअरिंगच्या खालच्या एका जोडणीचं काम आहे, तपासून घ्या. काम फुकट. पण रत्नागिरीला जाऊन गाडी तिथे टाकायची, दिवसभर बसायचं, डिझेल आपलं, दिवसाचा धंदा बुडाला तो आपला. हप्ता थांबत नाही. तरी गेलो, कारण स्टिअरिंग आहे, लाइटचा बल्ब नाही. आमच्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी.

तिथे माझ्यापुढे एक पांढरी मोठी गाडी होती, तिच्या मालकाला दुसरी गाडी वापरायला दिली. मला खुर्ची दिली. कंपनीच्या मोठ्या लोकांना कोणी समोर बसवलंच तर त्यांना एवढं विचारा, की चूक तुमची आणि दिवस माझा का जावा? पुढच्या मार्गावरच्या आणखी एकाची तीच गाडी आहे, तो अजून गेलेला नाही. त्याला मी दोष देत नाही.


श्रीवर्धन

मी आयुष्याची बरीच वर्षं आखातात ड्रायव्हर होतो. लांजाच्या भावाचं वाचून फायरस्टोनचं प्रकरण आठवलं, इथे कोणाला माहीत नसेल म्हणून लिहितो.

फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांना फायरस्टोनचे टायर होते. उष्ण हवेत, वेगात, टायरचा वरचा थर सुटून निघायचा आणि गाडी उलटायची. सौदीत आणि आजूबाजूच्या देशांत फोर्डने १९९९ मध्येच टायर बदलून द्यायला सुरुवात केली. आम्हा ड्रायव्हर लोकांत त्याची चर्चा असायची. अमेरिकेत मात्र ६५ लाख टायर परत मागवले ते ऑगस्ट २००० मध्ये. एका देशात धोका कळला आणि दुसऱ्या देशातल्या सरकारला त्याची खबर दिली नाही. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकी संसदेच्या समित्यांनी दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांना बोलावलं. फोर्डचे जॅक नासर म्हणाले दोष टायरचा, फायरस्टोनकडून बोट गाडीकडे. लोक भयंकर चिडले. पण त्या चिडण्यातून काम झालं. १ नोव्हेंबर २००० रोजी नवा कायदा आला, आणि परदेशात केलेला रिकॉलही अमेरिकेच्या सरकारला कळवणं कंपन्यांना बंधनकारक झालं.

मला आपल्याबाबतीत हेच हवंय. तीच गाडी, तोच पार्ट, बाहेरच्या देशात परत बोलावला तर इथल्या सरकारला आणि मालकाला त्याच आठवड्यात कळलं पाहिजे.


सावंतवाडी, निवृत्त

मी चाकणच्या पट्ट्यात एका गाडी कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी केली, आता गावी असतो. आतलं थोडं सांगतो.

कारखान्यात कुठल्याही सुट्या भागात बदल केला, अगदी स्प्रिंग अर्ध्या मिलिमीटरने लांब केली, तरी त्या भागाचा नंबर बदलतो. हा आमच्याकडे पहिला धडा. कारण उद्या रस्त्यावर काही घडलं तर कुठल्या तारखेपासून कुठला भाग बसला, हे त्या नंबरावरूनच कळतं. जनरल मोटर्सच्या प्रकरणात स्विचमधली स्प्रिंग २००६ च्या सुमाराला बदलली गेली आणि नंबर तोच ठेवला. त्यामुळे पुढे तपास करणाऱ्या त्यांच्याच इंजिनिअरांना कळेना की जुन्या गाड्यांमध्ये एअरबॅग न उघडण्याचे प्रकार जास्त आणि नव्यांमध्ये कमी असं का. जॉर्जिया राज्यात २०१० मध्ये एक तरुण नर्स अशा गाडीत गेली. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या एका इंजिनिअरने दुकानातून नवा स्विच विकत आणला, जुन्या स्विचशेजारी ठेवून दोन्ही उघडले आणि फरक मोजला. कंपनीला जे सापडत नव्हतं ते बाहेरच्या एका माणसाने शोधून काढलं. आमच्या विभागातल्या प्रत्येक नव्या मुलाला मी ही गोष्ट सांगत असे.

कंपनीने नेमलेल्या वकिलाचा, अँटन वालुकास यांचा अहवाल जून २०१४ मध्ये आला. बैठकीत सगळे मान डोलावतात, काम करायचं ठरतं आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीच करत नाही, ही सवय त्यात नोंदवली आहे. मी अशा बैठकांना बसलोय. कागदावर सह्या असतात, जबाबदारी कोणाची ते त्यावरून कळत नाही. पंधरा जणांना काढलं. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून खटला टाळला. एकाही माणसावर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही. १२४ माणसं गेली आणि जबाबदार म्हणून एकही नाव नाही, हे मला मान्य नाही.

पण एक विनंतीही करतो. गाडी परत बोलावणारी कंपनी वाईट आणि न बोलावणारी चांगली, असं समजू नका. आमच्याकडे एखादा रिकॉल जाहीर झाला की विक्रीची माणसं हवालदिल व्हायची, कारण दुसऱ्या दिवशी लोक फोन करून बुकिंग रद्द करायचे. अशाने वरचे लोक दोष दाबायला शिकतात. वेळेवर बोलावणाऱ्याला मान द्या, लपवणाऱ्याला सोडू नका.


देवरुख

टोयोटाचे तेव्हाचे प्रमुख अकिओ टोयोडा यांचा विषय कोणीच काढला नाही. २४ फेब्रुवारी २०१० ला ते स्वतः अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेले होते. प्रत्येक गाडीवर माझं आडनाव आहे, गाडीला इजा झाली की मला झाल्यासारखं वाटतं, असं ते म्हणाले आणि माफी मागितली. मला ते मनापासून वाटलं.


(धागाकर्ती)

देवरुख, मलाही त्यांचा आवाज खरा वाटला. पण मार्च २०१४ मध्ये टोयोटाने १.२ अब्ज डॉलर भरले, आणि पायाखालची चटई व अडकणारं पेडल या, गाडी आपोआप वेग घ्यायला लावणाऱ्या दोषांबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्याचं मान्य केलं. माफी खरी असली तरी त्याआधी जे लपवलं गेलं ते भरून येत नाही.


मुंबई, गाव देवगड

दरवर्षी गणपतीला गाडीने गावी येतो. मागे एकदा गणपतीच्या तोंडावर मेसेज आला, ब्रेकच्या व्हॅक्यूमशी संबंधित भाग तपासायचा आहे, गाडी आणा. लगेच गेलो. तिथे सांगितलं, पार्ट सध्या नाही, गणपतीनंतर या. मी विचारलं, तोवर गाडी चालवू का? घाट आहेत, घरात म्हातारी आई आणि दोन लहान मुलं आहेत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, चालवा सर, काही होत नाही. मी म्हटलं, हेच लिहून दे. तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर बाहेर आला, चहा मागवला, फार गोड बोलला, पण लिहून देईना. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाला तुमच्या जबाबदारीवर ठरवा.

त्या वर्षी आम्ही रेल्वेच्या जनरल डब्यातून गेलो. आईचे फार हाल झाले. पण जो माणूस तोंडाने "चालवा" म्हणतो आणि कागदावर म्हणत नाही, त्याच्या शब्दावर मी परशुराम घाट उतरणार नाही.

मेरी बारांना अगदी हाच प्रश्न विचारला गेला होता. त्या म्हणाल्या, जुडग्यात फक्त एक किल्ली असेल तर माझ्या मुलांनाही ती गाडी चालवू देईन. त्या उत्तरावर लोकांनी टीका केली, मलाही ते पुरेसं वाटत नाही. पण ते उत्तर नोंदवलं गेलं. उद्या खोटं ठरलं असतं तर त्यांना त्याबद्दल विचारता आलं असतं. आमच्या मॅनेजरचं वाक्य चहाबरोबर संपलं.


दापोली

माझ्याकडे गाडी नाही, दुचाकी आहे, आणि आपल्याकडे तीच जास्त. दुचाक्याही परत बोलावतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी दोन लाखांहून जास्त मोटरसायकली बोलावल्या होत्या. माझ्या स्कूटरचा अनुभव चांगला आहे. डीलरने स्वतः फोन केला, शनिवारी बोलावलं, तासाभरात काम झालं, बदललेला जुना भाग दाखवला आणि केलेल्या कामाचा कागद दिला. सगळ्यांनी तो कागद मागून घ्या.


अलिबाग, वकील

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११० अ आलं. दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या कोणालाही हानी होऊ शकत असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्याआधी २०१२ पासून उत्पादकांच्या संघटनेची एक ऐच्छिक संहिता होती, म्हणजे कंपनीच्या मनावर होतं. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. मालकाला सरकारी वाहन पोर्टलवर सुरक्षेच्या दोषाची तक्रार नोंदवता येते. ठरावीक संख्येच्या वर तक्रारी गेल्या की चौकशी होते. कायद्याच्या या भागातल्या तरतुदी कंपनीने मोडल्या तर दंड शंभर कोटींपर्यंत जाऊ शकतो.

म्हणजे हत्यार आहे. मात्र दोन अडचणी आहेत. या नियमांची मर्यादा सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती आहे. आणि संख्येची अट असल्यामुळे तुम्ही एकट्याने गॅरेजमध्ये तक्रार करून घरी गेलात तर ती कुठेच मोजली जात नाही. पोर्टलवर नोंदवा. शेजाऱ्याच्या त्याच गाडीला तोच त्रास असेल तर त्यालाही नोंदवायला लावा.


लोटे, ता. खेड

सात वर्षांची अट वाचून मी थक्क झालो. वर लिहिलेली डबी पहिल्या सात वर्षांत बहुधा शांतच बसते. दमट हवेने तिचं नुकसान व्हायलाच वर्षं लागतात. ज्या वयात ती जीवघेणी होते त्या वयात नियम तिला सोडून देतो. आणि याच वयाच्या गाड्या शहरातून आपल्याकडे येतात. यावर खासदारांना लिहायला हवं. मी मसुदा तयार करतो, अलिबागच्या ताईंनी तपासून द्यावा.


मालवण तालुका

लिहू की नको असं चाललं होतं. माझा धाकटा भाऊ हायवेवर गेला. संध्याकाळची वेळ, पाऊस नव्हता, रस्ता सरळ. गाडी झाडावर गेली. एअरबॅग उघडली नव्हती. पंचनाम्यात एक ओळ आहे, "चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने". तो दारू पीत नव्हता. मोबाइल खिशात होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात तो आईला म्हणाला होता की गाडी मधेच बंद पडते, दाखवायला हवी.

मी कोणावर आरोप करत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण गाडी कोणी उघडून बघितली नाही. विम्याची माणसं आली, आकडा ठरला, गाडी घेऊन गेली. गावात लोक अजून म्हणतात, तरणं पोर, जोरात चालवत असेल. आईला ते वाक्य ऐकावं लागतं. सावंतवाडीच्या काकांनी त्या नर्सबद्दल लिहिलंय ते मी पुन्हापुन्हा वाचलं. तिच्या आईवडिलांना कोणीतरी दोन स्विच शेजारी ठेवून दाखवले. तुमच्या मुलीची चूक नव्हती, हे त्यांना कळलं. बाकी भरपाई वगैरे मला काही नको होतं.

वकील ताई, आता काही करता येतं का?


कुडाळ, गॅरेज

ताई, तुमच्या भावाच्या गाडीचा चासी नंबर आरसीच्या झेरॉक्सवर असेल, विम्याच्या पॉलिसीवरही असतो. सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. मला पाठवा. त्या गाडीला रिकॉल होता का, एवढं मी आजच बघून सांगतो. पुढचं वकील ताई सांगतील.

वेंगुर्ल्याच्या काकांसारखं ज्यांना साइट वगैरे जमत नाही त्यांनीही इकडे यावं, नंबर बघून द्यायचे मी पैसे घेत नाही.


अलिबाग, वकील

मालवणच्या ताई, आधी तीन कागद मिळवा. घटनास्थळ पंचनामा, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने केलेल्या तपासणीचा अहवाल आणि विमा सर्व्हेअरचा अहवाल फोटोंसह. निरीक्षकाच्या अहवालात ब्रेक, स्टिअरिंगची स्थिती लिहिलेली असते. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, नाही दिले तर माहिती अधिकारात मागा. एअरबॅग न उघडल्याचा उल्लेख कुठेतरी सापडतो का ते पाहा, फोटोत दिसत असेल तर तो फोटो सगळ्यात महत्त्वाचा. सर्व्हिसिंगची जुनी बिलं टाकू नका. गाडी बंद पडत असल्याची तक्रार त्याने कुठे नोंदवली असेल तर ती त्यावर असते. कागद हाती आले की मला निरोप करा, मी बघते, फी नको.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. घरात असा प्रसंग आला तर सुचत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून नातेवाइकांपैकी एकाने हे काम अंगावर घ्यावं. गाडी विमा कंपनीच्या किंवा भंगारवाल्याच्या ताब्यात जायच्या आधी डॅशबोर्ड, एअरबॅगची जागा, किल्लीची स्थिती, सीटबेल्ट, चारही टायर यांचे फोटो काढायचे. तपासणी होईपर्यंत गाडी आहे तशी ठेवा, असा अर्ज पोलीस ठाण्यात आणि विमा कंपनीत द्यायचा आणि दोन्ही ठिकाणी पोच घ्यायची.